उरलेली लोकर आणि रत्नागिरीची शाल

रत्नागिरीला निघालो म्हटले की शेजारपाजारची माणसे एकच सांगतात, "येताना आंबे घेऊन या." आम्ही निघालो ते आश्विनात. त्या दिवसांत रत्नागिरीत आंबा नाही, फणस नाही. असते ते पिवळे पडलेले भात, ओलसर वारा आणि वर्षावास संपत आल्याची लगबग.

आम्ही मुंबईच्या एकाच चाळीतल्या चौघीजणी. त्यातल्या एकीचे माहेर रत्नागिरीजवळच्या बौद्धवाडीत. तिच्या आत्याबाईंनी महिनाभर आधी निरोप धाडला होता, "कुणाकडे उरलीसुरली लोकर असेल तर आणा. रंग कुठलाही चालेल." म्हणून आमच्या सामानात खाऊच्या डब्याबरोबर लोकरीच्या दोन पिशव्या होत्या. नातवंडांच्या उसवलेल्या स्वेटरची लोकर, टोपी विणून उरलेला अर्धा गुंडा, मोज्यातून राहिलेली वीतभर लडी. कुणाच्या उपयोगाचे नाही आणि टाकवतही नाही, असे जे जे प्रत्येक घरात ट्रंकेच्या तळाशी असते, ते सारे त्या पिशव्यांत होते.

आमच्या आज्या हा प्रवास आगबोटीने करीत, आमच्या आया एस.टी.ने. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि रात्री मुंबईत गाडीत बसलेले माणूस सकाळी रत्नागिरीत उतरू लागले. स्टेशन शहरापासून बाहेर, कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून हातखंब्याच्या दिशेने एस.टी. धरली आणि खिडकीतून दोन्ही बाजूंची खाचरे पाहात आम्ही वाडीत पोहोचलो.

गरम मुलखात लोकर कशाला?

आम्हालाही हाच प्रश्न पडला होता. रत्नागिरीत थंडी ती किती? पौषातसुद्धा पहाटे अंगावर चादर पुरते. पण आत्याबाईंनी आम्हाला बसवून हिशेब सांगितला. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत गोधडी वाळत नाही. जुन्या लुगड्यांची जाड वाकळ एकदा भिजली की आठवडाभर कुबट वास मारते. बाळंतिणीला आणि दम्याच्या म्हाताऱ्याला अशा वेळी हलके, कोरडे पांघरूण लागते.

दुसरी गरज डिसेंबरची. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारी माणसे दादरला उघड्यावर रात्र काढतात. वाडीतून दरवर्षी माणसे निघतात, त्यांत म्हातारीकोतारी असतात. पहाटे समुद्रावरून वारा सुटला की अंगावर काहीतरी हवे.

आणि ज्याला आपण दुकानात लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच. ती असते ॲक्रिलिकची, खनिज तेलापासून काढलेल्या रसायनांची. ती पाणी धरून ठेवत नाही, लवकर वाळते, तिला कसर लागत नाही. कोकणातल्या दमट हवेला ती बरी पडते. तिचा दोष एकच, विस्तवाजवळ ती वितळते. म्हणून चुलीपाशी बसताना ही शाल अंगावर घेऊ नये, लहान मुलाच्या अंगावर तर नकोच. आपल्याकडची लोकर कुठली हे ओळखायचे असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरली तर खरी लोकर. वितळून टोकाला कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

अठ्ठ्याण्णव चौकोन

वर्षावासात रोज संध्याकाळी वाडीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचन संपले, मुले पांगली की बायका तिथेच ओसरीवर बसतात. प्रत्येकीच्या हातात एक क्रोशाची सुई. आम्ही गेलो तेव्हा शाल अर्ध्यावर आली होती.

रीत साधी आहे. ज्यांना साखळी आणि खांब येतो त्यांना एका संध्याकाळी जमेल. चार साखळ्यांचे कडे करायचे. त्या कड्यात तीन-तीन खांबांचे चार झुबके घालायचे आणि दर दोन झुबक्यांमध्ये कोपऱ्यासाठी तीन साखळ्या सोडायच्या. ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीला रंग बदलायचा आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन झुबके घालायचे, मध्ये पुन्हा तीन साखळ्या. तिसऱ्या फेरीला पुन्हा रंग बदलायचा. कोपऱ्यात तसेच दोन झुबके आणि बाजूला जिथे पोकळी असेल तिथे एक झुबका. तीन फेऱ्या, तीन रंग. एका चौकोनाला साधारण पाच ग्रॅम लोकर लागते. म्हणजे मुठीत मावेल एवढ्या गुंड्यातही एखादी फेरी निघतेच. उरलेल्या लोकरीला यापेक्षा सोयीची रीत नाही, कारण कुठलाही रंग पुरवायचा नसतो. तो संपला की दुसरा घ्यायचा.

चौथी फेरी मात्र सगळ्या चौकोनांना एकाच रंगाची, आणि ती विणता विणताच चौकोन एकमेकांना जोडायचे. तेवढी लोकर मात्र विकत आणावी लागते, पन्नास ग्रॅमचे चार गुंडे. रंग कोणता घ्यायचा यावर ओसरीवर दोन दिवस चर्चा चालली होती म्हणे. वाडीतल्या मुली म्हणाल्या, निळाच घ्यायचा, दुसरा विचारच नाही. आत्याबाई म्हणाल्या, "निळाच घ्या गो. निळ्यावर धूर दिसत नाय." दोघींचे म्हणणे एकच निघाले म्हणून भांडण मिटले.

एका रांगेत सात चौकोन, अशा चौदा रांगा. एकूण अठ्ठ्याण्णव. साडेचार इंचांचा एक चौकोन धरला तर साडेएकतीस इंच रुंद आणि त्रेसष्ट इंच लांब शाल होते. मोठ्या माणसाला खांद्यावरून घेता येते, मुलाला पांघरता येते.

चौकोनाची आणखी एक सोय म्हणजे तो कुठेही विणता येतो. रेशनच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, एस.टी.त. एकीने विणलेला चौकोन दुसरीच्या चौकोनाला जोडला जातो. २०१६ साली चेन्नईत अशाच रीतीने ठिकठिकाणच्या बायकांनी विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण तयार झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ओसरीवरच्या बायकांना आम्ही हे सांगितले तेव्हा एक सूनबाई म्हणाली, "त्याची टोकं कुणी लपवली?"

हा प्रश्न विणणारीच विचारू शकते. रंग बदलला की धाग्याची दोन टोके सुटतात, एक सुरुवातीचे, एक शेवटचे. तीन रंगांची सहा. अठ्ठ्याण्णव चौकोनांची पाचशे अठ्ठ्याऐंशी. खरी लोकर असेल तर दोन टोके ओली करून तळहातावर चोळली की एकजीव होतात. ॲक्रिलिकचे तसे होत नाही. नुसती गाठ मारली तर ती निसटते. चार बोटे धागा ठेवून, तो मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवून, झुबक्यांच्या पोटातून एकदा इकडून, एकदा तिकडून फिरवावा लागतो. असे पाचशे अठ्ठ्याऐंशी वेळा. शाल पाहणाऱ्याला रंग दिसतात. टोके दिसत नाहीत, आणि दिसू नयेत म्हणूनच ती लपवायची असतात.

खाचरे आणि चीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या वरच्या सड्यावर गेलो. खाली नजर टाकली तर सारा उतार बांधांनी कापलेला. एक खाचर पिकून पिवळे, शेजारचे अजून हिरवे, एखादे कापून झालेले तांबूस. लहानमोठी खाचरे आणि त्यांच्यामधून जाणारे बांध. रात्री मांडीवर पाहिलेली शाल जणू कुणी उन्हात पसरली होती.

विनयपिटकात नेमकी अशीच एक कथा आहे. भगवान बुद्ध राजगृहाहून दक्षिणागिरीकडे निघाले असता त्यांना मगधातील शेते दिसली, बांधांनी आखलेली, आडव्याउभ्या रेषांची. त्यांनी आनंदाला विचारले, भिक्खूंचे चीवर असे करता येईल का? आनंदाने कापडाचे तुकडे शेतांप्रमाणे मांडून, बांधांच्या जागी शिवण घालून चीवर तयार केले. आजही भन्तेंच्या चीवराकडे नीट पाहिले तर ते एकसंध कापड नसते, त्यात खाचरे आणि बांध दिसतात. तुकडे केलेल्या कापडाला बाजारात किंमत नसते आणि चोरालाही त्याचा मोह होत नाही. तुकडा जोडून नेसणे ही तिथे लाजेची गोष्ट नव्हती, तो नियम होता.

चुल्लवग्गात आनंदाचीच दुसरी कथा आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला राग आला. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू करणार काय, दुकान मांडणार? त्याने जाऊन विचारले. आनंदाने सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ही देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची चादर करू. जुन्या चादरींचे? गादीची खोळ. जुन्या खोळींचे? जमिनीवरचे अंथरूण. त्याचे पुढे पाय पुसणे, पाय पुसण्याचे धूळ झाडायचे फडके. आणि तेही झिजले की? ते कुटून, चिखलात कालवून आम्ही जमीन लिंपतो. राजाचा राग गेला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आम्ही ही कथा संध्याकाळी ओसरीवर सांगितली. आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे आमच्या घरातलंच की सगळं." लुगडे विटले की त्याची वाकळ, वाकळ फाटली की बाळाची दुपटी, दुपटी फाटली की पोतेरे. कोकणातल्या बाईला हे कुणी ग्रंथातून शिकवलेले नाही.

साचेखात्याचा धागा

आत्याबाईंचे यजमान, आम्ही त्यांना आतोबा म्हणतो, हे सारे ऐकत बाजूला बसले होते. ते गिरणीत बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले असंख्य पुन्हा आत गेलेच नाहीत. आतोबा त्यांच्यातले. ते वाडीत परत आले ते कायमचे. त्यांचे वडीलही गिरणीत होते, रिंगखात्यात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत सगळ्यात जास्त माणसे गेली ती रत्नागिरी जिल्ह्यातून. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही याच जिल्ह्यात होता, तो १९८१ साली वेगळा झाला. या वाड्यांतल्या घराघरांत मनिऑर्डर यायची ती धाग्याच्या पैशाची. पण धाग्यातही वरचा आणि खालचा होता.

गिरणीत सूत काढणाऱ्या खात्यांत अस्पृश्य मानलेल्या माणसांना काम मिळे. कापड विणायच्या साचेखात्यात मिळत नसे, आणि पगार जास्त तो साचेखात्यातच. कारण काय सांगत? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या बारीक भोकातून ओढून घ्यावा लागे, आणि तो तोंडाने ओढण्याची रीत होती. तो धोटा आज एकाच्या हाती, उद्या दुसऱ्याच्या. यांच्या ओठाला लागलेला धागा आमच्या ओठाला कसा लावू, असे बाकीचे कामगार म्हणत. बाजूला बसून तेच सूत कातलेले चाले. ते तोंडाने ओढलेले चालत नसे.

१९२८ साली गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला. तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितले की सगळ्या खात्यांत काम करण्याचा आमच्या माणसांचा हक्क तुमच्या मागण्यांत आला पाहिजे. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घातली. मालक म्हणाले, ही अडवणूक आमची नाही. म्हणजे साचाही आडवा येत नव्हता आणि मालकही, आडवा येत होता तो शेजारी उभा असलेला कामगारच.

आतोबांनी हे सांगितले तेव्हा एका मुलीने सुईत ओवण्यासाठी निळ्या धाग्याचे टोक ओठांनी ओले केले होते. सुई तशीच तिच्या शेजारणीच्या हातात गेली. तिनेही तेच केले. ओसरीवर कुणाच्या ते लक्षातही आले नाही. आतोबांच्या आले. ते म्हणाले, "माझ्या बाबाला एवढंच करायचं होतं."

थिबा राजवाडा आणि मिरकरवाडा

तिसऱ्या दिवशी शहर पाहायला गेलो. रत्नागिरीला जाणारे बौद्ध कुटुंब थिबा राजवाडा पाहिल्याशिवाय परतत नाही. ब्रह्मदेशचा बौद्ध राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. लालसर, उतरत्या छपरांचा हा राजवाडा १९१० साली पुरा झाला. १९१६ साली थिबा रत्नागिरीतच वारला आणि त्याची समाधीही इथेच आहे. राजवाड्यात आता शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे.

राजाची गोष्ट सगळे सांगतात. त्याच्या नातीची गोष्ट थोडे सांगतात. थिबाच्या थोरल्या मुलीला रत्नागिरीत मुलगी झाली. तिचे नाव टुटू. ती रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, इथल्याच माणसाशी संसार केला आणि २००० साली इथेच वारली. राजाच्या या नातीने शेणाच्या गोवऱ्या थापून आणि कागदाची फुले करून गरिबीत दिवस काढले. राजवाडा उभा आहे. कागदाची फुले कुठल्या संग्रहालयात ठेवता येत नाहीत, पण तिचे घर चालले ते त्या फुलांवर आणि गोवऱ्यांवर.

तिथून आम्ही मिरकरवाड्याच्या बंदरावर उतरलो. होड्या लागल्या होत्या, मासळीचा लिलाव होऊन गेला होता आणि सावलीला काही माणसे फाटलेली जाळी दुरुस्त करीत बसली होती. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारीला बंदी असते. तेव्हा तर हेच मुख्य काम. पण हंगामातही जाळे खडकाला अडकून फाटतेच. त्यांच्या हातात दोरा गुंडाळलेली चपटी सुई होती. घर केवढे असावे हे बोटाने किंवा पट्टीने मोजायचे, दोरा घालायचा, गाठ आवळायची, पुढचे घर. आमच्यातली एकजण बराच वेळ पाहात राहिली आणि म्हणाली, "हे तर आपलंच काम."

खरेच. सुई तीच, दोरा तोच, घरे मोजणे तेच, पाठ दुखणेही तेच. पण जाळे विणणाऱ्याला दिवसाची मजुरी असते, आणि ती ठरलेली असते. कुणी त्याला विचारीत नाही की रिकाम्या वेळात हा छंद चांगला जडवलास. धाग्याचे काम कोणी करायचे आणि त्याला काम म्हणायचे की नाही, हे धागा ठरवीत नाही, माणसे ठरवतात. गिरणीत जातीने ठरवले, घरात बाईपणाने ठरते.

फुकटची लोकर

हे आम्हाला त्याच दुपारी कळले. वाडीतल्या बायकांनी आधी पुरी केलेली एक शाल आमच्याजवळ दिली होती, बाजारात विचारून पाहा म्हणून. एका दुकानदाराने ती उलटसुलट केली, छान आहे म्हणाला आणि साडेतीनशे रुपये देऊ केले. आम्ही म्हटले, कमी आहेत. तो म्हणाला, "ताई, लोकर तर उरलेली आहे ना? फुकटचीच ती."

परतताना एस.टी.त आम्ही हिशेब मांडला. एका चौकोनाला पंधरा मिनिटे धरली तर अठ्ठ्याण्णव चौकोनांचे साडेचोवीस तास. पाचशे अठ्ठ्याऐंशी टोके, एकेक मिनिट धरले तरी पावणेदहा तास. जोडणी आणि काठ, आठ तास. एकूण बेचाळीस तासांच्या वर. नव्या लोकरीचा एक पैसाही न धरता साडेतीनशेला भागले तर तासाला सव्वाआठ रुपये.

बेचाळीस तास म्हणजे किती? १९४६ साली कारखान्यांतले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी कायद्याची दुरुस्ती झाली. ते विधेयक बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून मांडले होते. त्या मापाने एक शाल म्हणजे कारखान्यातला जवळजवळ एक आठवडा. तो आठवडा वाडीतल्या बायकांनी दिवसाचे शेत, चूल, पाणी उरकून रात्री भरला होता.

हे फक्त रत्नागिरीत होते असे नाही. आंध्र प्रदेशात नरसापूर नावाचे गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती परदेशी जाऊ लागली आणि त्यावर व्यापारी मोठे झाले. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या बायकांमध्ये राहून १९८२ साली पुस्तक लिहिले. त्या बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा ते आठ तास लेस विणीत, पण कामगार म्हणून त्यांची गणना नव्हती. त्या घरी बसून फावल्या वेळात काहीतरी करतात, असे समजले जाई, आणि म्हणूनच मजुरी नाममात्र होती. "फावला वेळ" या दोन शब्दांत त्यांचे सारे कष्ट बुडाले.

रात्री ओसरीवर आम्ही तो हिशेब वाचून दाखवला. आधी कुणी बोलले नाही. मग आत्याबाई म्हणाल्या, "लोकर उरलेली हाय, आमी उरलेल्या नाय." साडेतीनशेला शाल द्यायची नाही, असे ठरले. ती या वर्षी सहा डिसेंबरला जाणाऱ्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर जाईल. हातातली शाल वाडीत पुढे जी बाळंतीण होईल तिला. फुकट द्यायची तर आपल्या माणसाला आपल्या मर्जीने द्यायची. विकायची तर तास मोजून विकायची. या दोहोंच्या मधले काही नको.

शाळेत जाणाऱ्या एका मुलीने त्याच रात्री जुन्या वहीची कोरी पाने फाडून दोऱ्याने शिवली. त्यावर रकाने आखले: तारीख, नाव, चौकोन, टोके, तास. ही वहीसुद्धा उरलेल्या कागदांचीच. पुढची शाल जेव्हा बाजारात जाईल तेव्हा ही वही बरोबर जाईल. गिऱ्हाइकाला पटले तर तो घेईल, नाही पटले तर शाल परत येईल. पण "फुकटची" हा शब्द ऐकून गप्प बसण्याची पाळी येणार नाही.

वाचक भगिनींनो, तुमच्याही ट्रंकेच्या तळाशी थोडी लोकर असेल. उसवलेल्या लोकरीला वळ्या पडलेल्या असतात. तिच्या सैल लडी करून कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, सावलीत टांगून वाळवा, म्हणजे धागा सरळ होतो. जाड लोकर आणि बारीक लोकर एकाच चौकोनात घालू नका, चौकोन वाकडा होतो. बारीक असेल तर दोन पदर एकत्र घ्या. टोके रोजची रोज लपवा, शेवटी साठवून ठेवलीत तर कंटाळून शाल तशीच राहील. पावसाळ्यात शाल पेटीत ठेवताना पूर्ण वाळल्याची खात्री करा आणि मध्ये कडुनिंबाची सुकी पाने घाला. आणि विणायला बसाल त्या दिवसापासून एक वही जवळ ठेवा. घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला रकाने आखायला सांगा. आपली आई रात्री किती तास काम करते, हे त्यांनाही त्यातून कळेल.